जिल्ट म्हणजे पुढे ढकलणे

पडद्यांच्या कारखान्यात ‘जिल्ट’ हा शब्द आणला तो धाकटीने. कारखाना म्हणजे एका जुन्या गोदामात मांडलेली अकरा शिलाई मशीनं, मधोमध कटिंगचं लांबलचक टेबल आणि एका कोपऱ्यात वाफेची इस्त्री. हॉटेलं, दवाखाने, सभागृहं यांचे पडदे तिथे शिवले जात. शिवणाऱ्या सगळ्या बायका. पुरुष म्हणून एकटे कटिंग मास्तर. कापड वेळेवर आलं नाही की एखादी ऑर्डर बाजूला ठेवावी लागे. पूर्वी मास्तर अशा कामाला नुसतं ‘राहिलं’ म्हणायचे. धाकटीचा शब्द कानावर पडल्यावर त्यांना तो फारच आवडला. इंग्रजी होता, छोटा होता, आणि गिऱ्हाइकाला ऐकवला की गिऱ्हाईक पुढचं काही विचारत नसे. ‘तुमचं काम जिल्ट झालंय,’ असं ते सांगत आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने तसं लिहूनही ठेवत.

धाकटीला याचा थोडा अभिमानच होता. कारण तिचं लग्नही जिल्ट झालं होतं.

घरात ती धाकटी, म्हणून कारखान्यातही धाकटीच. दहावीला इंग्रजीने दगा दिला आणि तिची शाळा तिथेच सुटली. ताई तिच्याहून सहा वर्षांनी मोठी आणि सगळ्या बाबतींत पुढे. ताई शॉर्टहँड शिकली, इंग्रजी टायपिंग शिकली, एका मालवाहतूक कंपनीत साहेबांची स्टेनो झाली. भावोजी बोटीवर, वर्षातले नऊ महिने पाण्यावरच. त्यामुळे लग्नानंतरही ताई लेकीला घेऊन माहेरीच राहिली. सकाळी भाचीची वेणी घालून तिला शाळेत पोचवायची धाकटीने, चारला कारखाना सुटला की तिला घेऊन यायची धाकटीने, तिला ताप आला तर खाडा करायचा तोही धाकटीने. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, धाकटीलाही नाही. भाचीला सगळे छोटी म्हणत, आणि छोटी मावशीच्याच अंगाखांद्यावर वाढत होती.

कारखान्यात एकदा एका हॉटेलचे नकाशे घेऊन एक तरुण आला. तो एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायचा. त्याने प्रत्येक खिडकीचं माप काटेकोर लिहून आणलं होतं आणि पडद्याचं कापडही तेवढंच धरलं होतं. धाकटी मशीनवरूनच म्हणाली, खिडकी आठ फुटांची असली तर पडदा सोळा फुटांचा लागतो, नाहीतर चुण्या कुठून येणार, चादर टांगल्यासारखं दिसेल. बायका हसल्या. तोही हसला आणि कान लाल करून गेला. मग तो वरचेवर मापं विचारायला येऊ लागला. ज्या इमारतींना खिडक्याच नव्हत्या त्यांचीही मापं विचारू लागला, तेव्हा मास्तरांनी धाकटीला बाजूला घेऊन सांगितलं की बाई गं, याचं काय ते एकदा ठरवून टाक. बायकांनी त्याचं नाव नकाशेवाला ठेवलं होतं.

लग्न ठरलं. आईला मुलगा पसंत पडला, ताईला त्याचं इंग्रजी पसंत पडलं. तेवढ्यात त्याला परदेशात एक वर्षाचं काम मिळालं. आल्याबरोबर नोंदणी करायची असं ठरवून तो गेला. सुरुवातीला दर शनिवारी कारखान्याच्या फोनवर त्याचा फोन यायचा आणि अकरा मशीनं एकदम थांबायची. पत्रंही यायची. मग फोन दोन आठवड्यांनी यायला लागला, मग महिन्याने. धाकटी म्हणायची, कामाचा माणूस आहे.

सहाव्या महिन्यात एका गुरुवारी ताई ऑफिसातून लवकर आली. हातात घडी घातलेला कागद होता. आई दोनच आठवड्यांपूर्वी दवाखान्यातून घरी आली होती. तिच्या हृदयाला कसलाही धक्का सोसणार नाही असं डॉक्टरांनी दोघींना बजावलं होतं. ती आतल्या खोलीत झोपलेली. ताई ओट्यापाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचा मेल आलाय. आता तो लांबच्या साइटवर आहे, तिथे फोन नाही, तिथून टपालही जात नाही, म्हणून यापुढे असंच कळवत जाईल. त्याचं काम वाढलंय, लग्न थोडं लांबेल, म्हणून तो दिलगीर आहे.

धाकटीने ओले हात पुसून कागद मागितला. ताईने तो लांबूनच दाखवला. इंग्रजी अक्षरं धाकटीला लावता येत होती, अर्थ तेवढा लागत नव्हता. ‘सॉरी’ तिला ओळखू आलं. त्याच्या आधीच्या ओळीत एक शब्द होता, तो तिने अक्षर अक्षर लावून वाचला.

“जिल्ट म्हणजे काय गं?”

ताईने क्षणभर आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

“पुढे ढकलणं,” ती म्हणाली. “ठरलेली गोष्ट पुढे ढकलणं.”

कागद ऑफिसचा आहे, परत ठेवावा लागतो, म्हणत तिने तो पर्समध्ये टाकला. धाकटीला वाईट वाटलं, पण जरासंच. दुसऱ्या दिवशी कारखान्यात बायकांनी विचारलं तेव्हा तिने तोच शब्द वापरला. रडक्या तोंडाने ‘लांबलं’ म्हणण्यापेक्षा त्यात जरा रुबाब होता. तिथून तो मास्तरांच्या तोंडी गेला आणि तिथून फळ्यावर.

चार महिन्यांनी आई गेली, झोपेतच. घरात दोघी बहिणी आणि छोटी उरल्या.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवणं आटोपली की ताई शॉर्टहँडची वही घेऊन बसायची आणि धाकटी नकाशेवाल्याला पत्र सांगायची. ताई ते वाकड्यातिकड्या रेघांमध्ये उतरवून घ्यायची. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नाही, तिथे इंग्रजी करून पाठवते म्हणायची. पहिल्यांदा धाकटीला संकोच वाटला. बहिणीसमोर असल्या गोष्टी कशा बोलायच्या? पण ताई मान खाली घालून नुसत्या रेघा ओढायची, साहेबांसमोर बसल्यासारखी, आणि हळूहळू धाकटी विसरूनच गेली की मध्ये कुणी आहे. आईच्या आठवणीने जेवण उतरत नाही, हे तिने सांगितलं. तू गेल्यापासून आरशात बघायचा कंटाळा येतो, हे सांगितलं. एकदा तर डोळे मिटून, चेहरा लाल करून, आपल्याला मुलगी झाली तर तिचे कान तुझ्यासारखे असावेत, असंही सांगितलं. ताईची पेन्सिल थांबली नाही.

आठदहा दिवसांनी उत्तर यायचं. ताई ते तोंडी सांगायची. ‘इथल्या खिडक्यांना पडदेच नाहीत, तू नसलीस की सगळं उघडंबोडकं वाटतं,’ असं एकदा त्याने लिहिलं होतं. ते वाक्य धाकटीने अख्ख्या कारखान्याला ऐकवलं आणि आठवडाभर बायकांनी तिला त्याच्यावरून छेडलं.

वर्षाची दोन वर्षं झाली. मध्ये एकदोनदा धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. पण त्याची माणसं दुसऱ्या गावी, आर्किटेक्टचं ऑफिस केव्हाच हललेलं, विचारणार कुणाला? आणि ताई असताना विचारायचं तरी कशाला?

अशात एका सकाळी कारखान्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, आता मुलांसाठी वाचनालय चालवत होत्या. त्यांच्या पडद्यांना उशीर होत होता आणि त्या भांडायच्या तयारीने आल्या होत्या. पण त्यांची नजर फळ्यावर गेली. ‘वाचनालय – सहा पडदे – जिल्ट’ असं मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं. बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि त्यांना हसू आवरेना.

“अहो मास्तर, या वयात मला कोणी जिल्ट केलं?”

मास्तरांना कळेना हसण्यासारखं काय झालं. त्यांनी धाकटीला पुढे केलं. धाकटीने उठून समजावलं, बाई, तसं काही नाही, काम रद्द नाही झालं, फक्त पुढे गेलंय. जिल्ट म्हणजे पुढे ढकलणं. बाईंनी हसत हसतच विचारलं, हा अर्थ कुठल्या पुस्तकात मिळाला? धाकटी म्हणाली, पुस्तकात नाही, माझ्या ताईने सांगितला. ज्यांच्याशी माझं लग्न ठरलंय त्यांच्या पत्रात आला होता.

बाईंचं हसणं थांबलं. त्या म्हणाल्या, खिडक्यांची मापं पुन्हा घ्यायला हवीत, उद्या हिलाच पाठवा.

दुसऱ्या दिवशी धाकटी टेप घेऊन वाचनालयात गेली. खिडक्यांची मापं बरोबरच होती. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं आणि एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश पुढ्यात उघडून ठेवला. मी सांगितलं तर तू मला खोटं ठरवशील, म्हणाल्या, तूच वाच. धाकटीने बोट ठेवून शब्द शोधला. पुढे मराठीत लिहिलं होतं: प्रेमाची आशा लावून मग सोडून देणे.

तिने दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं.

“याचा दुसरा अर्थ असेल,” ती म्हणाली. “इंग्रजीत एकाचे दहा अर्थ असतात.”

“याला नाहीत,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी वर्गात समजावल्यासारखं सगळं समजावलं, बहुधा दुसरं काय करावं ते त्यांनाही सुचत नव्हतं. म्हणाल्या, कामाला, तारखेला, वस्तूला हा शब्द लागत नाही. तो माणसालाच लागतो, आणि तोही प्रेमातल्या माणसाला. नवराबायको वेगळे झाले तर तिथे हा चालत नाही. दोघांनी मिळून ठरवलं की आपलं जमत नाही, तरीही नाही. एकाने वचन दिलेलं असतं, दुसरा त्याच्या भरवशावर बसलेला असतो, आणि पहिला अचानक उठून जातो, तेव्हाच हा शब्द. सोडणारा जिल्ट करतो. जिला सोडलं ती जिल्टेड. लग्नाच्या दिवशी नवरा आलाच नाही तर हमखास हाच शब्द वापरतात.

धाकटीने विचारलं, “सोडून गेलेल्या माणसाने मागाहून दोन वर्षं पत्रं पाठवली तर त्याला काय म्हणतात?”

बाईंनी शब्दकोश मिटला. धाकटीने टेप गुंडाळला, पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला. पत्रं कुणाची होती ते तिला तिथेच, त्या खुर्चीत कळलं. ती अर्धा तास तशीच बसून राहिली.

पुढचा दिवस महिन्याचा पहिला रविवार होता. जेवणं झाली, छोटी आतल्या खोलीत चित्रं रंगवत बसली, आणि ताईने नेहमीसारखी वही उघडली.

“हं, सांग. काय लिहायचं?”

“लिही,” धाकटी म्हणाली. “तू मला सोडून गेलास हे मला काल कळलं.”

सवयीने ताईच्या पेन्सिलने दोन रेघा ओढल्यासुद्धा. मग ती थांबली. ताईने मान वर केली नाही.

“कुणी सांगितलं?”

“डिक्शनरीने. आता तू सांग. त्याने काय लिहिलं होतं ते पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस.”

ताईने उठून आतलं दार लोटून घेतलं. कागद तिने त्याच दिवशी फाडून टाकला होता, पण तिला तो पाठ होता. तिने सगळा सांगितला. मेल ताईलाच लिहिलेला होता. ताई, तिला हे लिहायची माझी हिंमत होत नाही, तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा. इथे माझ्या ऑफिसात एक मुलगी आहे, आम्ही पुढच्या महिन्यात लग्न करतोय. लोक म्हणतील मी तिला जिल्ट केलं. ते खोटं नाही. सॉरी. एवढंच होतं. पाच ओळी.

“मी काय करणार होते?” ताई म्हणाली. “आई आत झोपली होती. तू एक किंकाळी फोडली असतीस तर ती त्या दिवशीच गेली असती.”

“तेव्हाचं मला कळतं. पण आई जाऊन सोळा महिने झाले.”

“रोज वाटायचं, उद्या सांगू.”

“खरं बोल, ताई.”

ताईने वही मिटून बाजूला ठेवली. मग ती बोलली, हळू पण सरळ. तुला कळलं असतं तर तू या घरात थांबली नसतीस, म्हणाली. कुठेतरी निघून गेली असतीस, नाहीतर दुसरं स्थळ बघून लग्न केलं असतंस. मग छोटीला कोणी बघितलं असतं? हे बोटीवर. मला नोकरी सोडून घरात बसावं लागलं असतं. वाट बघणारा माणूस कुठे जात नाही, हे मला दिसत होतं.

“मग पत्रं? मी सांगितलेली?”

“एकही नाही पाठवलं.”

“आणि त्याची उत्तरं तू रचायचीस.”

“हो.”

“उघड्याबोडक्या खिडक्या, तेही?”

“तेही मीच,” ताई म्हणाली आणि रडायला लागली. “तू त्या दिवशी किती खूश झाली होतीस.”

धाकटीला त्याच वाक्याची सगळ्यात जास्त लाज वाटली. आरसा, मुलीचे कान, मिटलेले डोळे, सगळं तिला एकदम आठवलं, आणि समोर मान खाली घालून बसलेली ताई आठवली. नकाशेवाल्याने पाच ओळींत तिचा निकाल लावला होता. भित्रा होता, दुसऱ्याच्या आडून बोलला होता, पण खरं ते बोलला होता. ताईने मात्र दोन वर्षं तिचं काळीज समोर बसून उतरवून घेतलं होतं.

ती ताईला वेडंवाकडं काही बोलली नाही. आत जाऊन छोटीशेजारी बसली, छोटीने मागितला तो रंग तिला शोधून दिला, आणि संध्याकाळी आपले कपडे एका पिशवीत भरायला घेतले.

सोमवारी ती वेळेवर कामाला गेली. मशीन सुरू करायच्या आधी तिने सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. मास्तर, तो शब्द पुसून टाका, त्याचा अर्थ तसा नाही, म्हणाली. आणि मग खरा अर्थ सांगितला आणि कुठून कसा कळला तेही सांगितलं, कारण आज ना उद्या कुजबुज होणारच होती. मास्तरांनी शर्टाच्या बाहीनेच फळा पुसला. शेवटी इस्त्रीवाली म्हणाली, म्हणजे गेली दोन वर्षं आपण पडदे रखडलेल्या त्या अख्ख्या दवाखान्याला प्रेमात पाडून वाऱ्यावर सोडत होतो की काय. आधी एकजण फिसकन हसली, मग सगळ्या, मग धाकटीही हसली. हसता हसता ती टेबलावर डोकं टेकून इतकी रडली की खाली अंथरलेलं पांढरं अस्तर भिजलं. मास्तरांनी ते दुसऱ्या दिवशी मुकाट्याने बदललं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, ती बाईंनी तिला दिली. नकाशेवाल्याला काही लिहायचं आहे का, मी इंग्रजी करून देईन, असंही विचारलं. धाकटीने दोन दिवस विचार केला. त्याच्याशी बोलण्यासारखं जे काही होतं ते सगळं तिने सांगून टाकलं होतं, ते भलत्याच माणसाने ऐकलं होतं. नव्याने सांगायला काही उरलं नव्हतं. तिने नको म्हटलं. त्याऐवजी मला इंग्रजी शिकवा, म्हणाली. यापुढे माझा कागद मीच वाचेन. बाई कडक होत्या. कारखान्यातून दमून आलेल्या धाकटीला त्या शुद्धलेखनाच्या दहा-दहा ओळी लिहायला लावत.

ताईचे सहा महिने हालहाल झाले. छोटीला सांभाळायला बाई मिळेना, मिळाली की टिकेना. शेवटी तिने ऑफिसात अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. मग एके दिवशी दुपारी ती वाचनालयाचा जिना चढून आली. पहिल्यांदाच आली होती. धाकटीने तिला आत घेतलं, चहा केला. दोघी छोटीबद्दल बोलल्या, भावोजींच्या तब्येतीबद्दल बोलल्या. कप रिकामे झाल्यावर ताई म्हणाली, “घरी चल. छोटीसाठी नाही म्हणत मी. मला करमत नाही.”

“मी येणार नाही,” धाकटी म्हणाली.

“चूक झाली माझी. किती वेळा म्हणू?”

“चूक एकदा होते, ताई. तू दर महिन्याला वही घेऊन बसत होतीस.”

ताईने पदराने डोळे पुसले. ती उठली, चपला घातल्या आणि दारात थांबली. धाकटी म्हणाली, “छोटीला शनिवारी पाठवत जा. तू वर येऊ नकोस.”

तेव्हापासून दर शनिवारी छोटी येते. जिना चढतानाच मावशीला हाका मारते, आल्या आल्या कापडाच्या तुकड्यांत बसते, आणि मावशीचे इंग्रजीचे धडे तिच्याहून जोरात म्हणते. ताई तिला वाचनालयाच्या फाटकापर्यंत सोडते आणि ती आत शिरेपर्यंत उभी राहते. धाकटी वरच्या खिडकीतून पाहते. ताईही कधी कधी मान वर करून पाहते, जराशी घुटमळते, मग वळून बसस्टॉपकडे चालू लागते. धाकटीने अजून एकदाही हात हलवलेला नाही.